आकड्यासोबत प्रश्नही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत डेटाबेसला आपल्याच भाषेत प्रश्न विचारण्याबद्दलचा लेख वाचला. त्याचा सूर असा, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला साध्या वाक्यात विचारलं की आकडा हातात पडतो, तेव्हा एसक्यूएल नावाची जुनी भाषा आणि ती लिहिणारी माणसं आता अडगळीत जाणार. मी त्या अडगळीतली आहे. वेब फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट उभारायच्या तयार सांगाड्यात, डेटाबेसला प्रश्न विचारणारा जो भाग असतो, त्यावर काम करणं हा माझा रोजचा धंदा. लेखावर रागावून लिहीत नाही. लेखकाने चौकशी करून लिहिलंय हे जाणवतं. पण त्याच अंकात आतल्या पानांवर आकड्यांचे तीन तक्ते होते आणि नेमकं काय मोजलं ते एकाही तक्त्याखाली नव्हतं. लेख आणि तक्ते लागोपाठ वाचले, म्हणून हे पत्र.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत ठेवलेली असते: एका तक्त्यात लेख, दुसऱ्यात लेखक, तिसऱ्यात वाचकांच्या प्रतिक्रिया. वेबसाइट तयार करणारा प्रोग्रॅमर पायथॉन, रुबी, सी शार्प असल्या भाषेत लिहितो. डेटाबेसला कळतं एसक्यूएल. मधला दुभाष्या म्हणजे आमचा भाग. धंद्यात त्याला ओआरएम म्हणतात. प्रोग्रॅमरने 'या लेखकाचे लेख दे, नवे आधी' अशा अर्थाची ओळ आपल्या भाषेत लिहायची, तिचं एसक्यूएल आम्ही करायचं, आणि आलेलं उत्तर त्याला वापरता येईल अशा रूपात परत द्यायचं. असे दुभाषे नवे नाहीत: जावा भाषावाल्यांकडे हायबरनेट २००१ पासून आहे, रेल्स २००४ मध्ये आलं, डॉटनेटमध्ये लिंक २००७ मध्ये. आणि आपल्याला रस वाटेल अशी गोष्ट म्हणजे, यांतलं एक मोठं नाव, जँगो, चक्क वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' नावाचं दैनिक आहे. तिथे एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी २००३ मध्ये त्याची सुरुवात केली. बातमीदार दुपारी काहीतरी मागणार आणि ते संध्याकाळच्या आत उभं राहायला हवं, ही तिथली रीत. २००५ साली ते सर्वांसाठी खुलं झालं. तेव्हा डेटाबेसला प्रश्न विचारणं आणि वृत्तपत्र यांचं नातं मी ओढूनताणून जोडतेय असं समजू नका.

प्रोग्रॅमर नसलेल्या माणसाने सरळ विचारावं, ही कल्पनाही काल-परवाची नाही. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मॉडेलचा निबंध लिहिला. त्याचा गाभाच असा, की डेटा आत कसा रचलाय याची विचारणाऱ्याला फिकीर असू नये. १९७४ मध्ये तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वेल नावाची भाषा मांडली. इंग्रजी वाक्यासारखी वाचता यावी आणि संगणकाचा व्यवसाय नसलेल्यांनाही वापरता यावी, हाच त्यांचा हेतू. त्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला म्हणून पुढे तिचं एसक्यूएल झालं, आणि १९८६ मध्ये अमेरिकेत ती प्रमाण ठरली. म्हणजे आपल्या लेखातल्या आश्वासनाने पन्नाशी ओलांडली आहे. ते अगदीच फोल ठरलं असंही नाही. हिशेबनीस, ग्रंथपाल, संशोधक अशा कितीतरी लोकांनी एसक्यूएल शिकून आपली कामं केली. भाषा सोपी होत गेली, पण प्रश्न सोपा झाला नाही.

एक उदाहरण जवळून दाखवते. समजा, डेटाबेसमध्ये एक लेख आहे. त्यावर तीन प्रतिक्रिया आल्या आहेत आणि त्याला चार छायाचित्रं जोडलेली आहेत. कुणी विचारलं, 'प्रत्येक लेखापुढे प्रतिक्रिया किती आणि छायाचित्रं किती ते दे.' यात संदिग्ध काहीच नाही. शाळकरी मूलही तीन आणि चार म्हणेल. पण याचं सरळसोट एसक्यूएल केलं तर लेखांच्या तक्त्याला आधी प्रतिक्रियांचा तक्ता जोडला जातो, मग छायाचित्रांचा. जोडणी म्हणजे प्रत्येक प्रतिक्रियेपुढे प्रत्येक छायाचित्र; तीन चोक बारा ओळी. आता मोजा. प्रतिक्रिया बारा, छायाचित्रं बारा. कुठे एरर नाही, कुठे इशारा नाही, तक्ता सुबक छापून येतो.

जाणकार म्हणतील, डिस्टिंक्ट लावा, म्हणजे तीच नोंद पुन्हा धरली जाणार नाही. मोजणीपुरतं ते बरोबर आहे. पण छायाचित्रं एकूण किती वेळा पाहिली गेली याची बेरीज हवी असेल तर? समजा ती चार छायाचित्रं २००, २००, १५० आणि ५० वेळा पाहिली गेली. खरी बेरीज ६००. जोडणीत प्रत्येक छायाचित्र तीनदा येतं, म्हणून उत्तर १८००. डिस्टिंक्ट लावलं की दोन २०० सारखेच दिसतात, त्यांतला एक गळतो, आणि उत्तर येतं ४००. १८०० पाहून निदान एखादा दचकेल. ४०० पाहून कोण दचकणार? बरोबर वाट अशी, की प्रतिक्रियांची मोजणी वेगळी करायची, छायाचित्रांची बेरीज वेगळी करायची, प्रत्येकीची स्वतंत्र सबक्वेरी, म्हणजे प्रश्नाच्या आतला छोटा प्रश्न, आणि मग दोन्ही उत्तरं लेखापुढे ठेवायची. दोन मोजण्या एका प्रश्नात एकत्र केल्या तर उत्तर चुकेल, कारण आत सबक्वेरीऐवजी जॉइन, म्हणजे वरच्यासारख्या जोडण्या, वापरले जातात, असं जँगोच्या अधिकृत दस्तऐवजात स्वच्छ लिहिलं आहे. असा कबुलीजबाब छापणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. फक्त दस्तऐवज वाचायला माणसं फिरकतात ती काहीतरी मोडल्यावर, आणि इथे तर काहीच मोडत नाही.

जाता जाता: आपल्या तिसऱ्या तक्त्यात विभागवार आकड्यांची बेरीज तळाच्या एकूण संख्येपेक्षा जास्त भरते. ती चूकच असेल असं माझं म्हणणं नाही. एखादी नोंद दोन विभागांत मोडत असेल तर असं होणारच, आणि ते रास्तही आहे. की मघासारखी जोडणी नडली? वाचकाला कळायला मार्ग नाही.

आता रिकाम्या रकान्याकडे वळते. माझ्या कामात सर्वांत जास्त छळ कुणी केला असेल तर त्याने. वृत्तसंस्थेकडून आलेल्या बातमीला लेखक नसतो, म्हणून तो रकाना रिकामा राहतो. डेटाबेसच्या बोलीत नल. नल म्हणजे शून्य नाही, कोरी ओळही नाही. नल म्हणजे 'माहीत नाही'. त्यामुळे एसक्यूएलमध्ये तुलनेची उत्तरं तीन: खरं, खोटं आणि माहीत नाही. प्रश्नाला जुळणाऱ्या नोंदींत फक्त 'खरं' येतं. आता प्रश्न असा विचारा, की 'ज्यांचा एकही लेख आपल्याकडे नाही असे लेखक दे.' साधी माणसं, आणि साधी यंत्रंसुद्धा, तो असा लिहितात: ज्या लेखकांचे क्रमांक लेखांच्या तक्त्यातल्या लेखक-क्रमांकांत नाहीत, ते दे. लेखांच्या तक्त्यात हजारो लेख असतील. त्यांत निव्वळ एक बातमी बिनलेखकाची असली, की या प्रश्नाचं उत्तर येतं शून्य. एकही लेखक नाही. कारण प्रत्येक लेखकाबाबत डेटाबेस म्हणतो, ती बिनलेखकाची बातमी याची नसेलच कशावरून? माहीत नाही. आणि 'माहीत नाही' म्हणजे 'खरं' नव्हे. तर्क बिनतोड आहे. उत्तर मात्र कुणालाच नको असलेलं.

उलट बाजूनेही हाच रकाना दगा देतो. 'रद्द न झालेल्या नोंदी किती?' असा प्रश्न घ्या. साध्या एसक्यूएलमध्ये 'स्थिती रद्द नाही' असं लिहिलं तर ज्यांची स्थितीच भरलेली नाही त्या नोंदी गळतात. जँगोमध्ये तोच प्रश्न 'रद्द वगळून' असा विचारला तर त्या नोंदी धरल्या जातात, कारण आतल्या आत नलची वेगळी तपासणी जोडलेली असते. डॉटनेटचं ओआरएम, एंटिटी फ्रेमवर्क कोअर, हेही सी शार्पच्या रिवाजाला धरून अशा तपासण्या जोडतं. दोन्ही बाजूंना समर्थन आहे. पण एका कचेरीतल्या दोन माणसांनी एकच प्रश्न दोन हत्यारांनी विचारला, तर दोन आकडे निघतील आणि दोघांनाही आपलाच खरा वाटेल.

आमच्या हत्यारातला सर्वांत नाजूक भागही याच रकान्याभोवती आहे. 'लेखक मराठवाड्याचा आणि शीर्षकात पाऊस' असा प्रश्न आला तर लेखकांचा तक्ता घट्ट जोडता येतो, म्हणजे इनर जॉइन. बिनलेखकाची बातमी त्यात टिकत नाही, पण ती तशीही बसणार नव्हती. आता 'आणि'च्या जागी 'किंवा' घाला. बिनलेखकाच्या बातमीच्या शीर्षकात पाऊस असेल, तर ती उत्तरात यायलाच हवी. घट्ट जोडणी तिला शर्त तपासण्याआधीच बाहेर काढते. म्हणून इथे सैल जोडणी लागते, लेफ्ट जॉइन. एवढंच असतं तर बरं होतं. 'किंवा'च्या आत 'आणि', त्यावर 'असं नसलेले', त्यात आणखी एक तक्ता, असं रचत गेलं की प्रत्येक पायरीवर जोडणी घट्ट ठेवायची की सैल सोडायची हे नव्याने ठरवावं लागतं. सगळ्याच सैल ठेवल्या तर उत्तर बरोबर येतं, पण बऱ्याचदा डेटाबेसला हव्या त्या क्रमाने तक्ते जोडायची मोकळीक उरत नाही आणि प्रश्न रांगायला लागतो. सगळ्या घट्ट केल्या तर झरझर चुकीचं उत्तर येतं. हा निर्णय घेणारा कोड काही फार लांबलचक नाही. पण त्या भागात नवा माणूस शिरला की आम्ही आधी त्याला टेस्ट चालवायला लावतो आणि मगच कोड उघडू देतो.

लेखात म्हटल्याप्रमाणे हे सगळं यंत्र शिकेलही. नलचे नियम ठरलेले आहेत, जोडणीचे नियम ठरलेले आहेत. ठरलेल्या गोष्टी यंत्राने कराव्यात हेच आमचं आयुष्यभराचं काम. अडचण आहे ती वाक्यात. 'ज्या लेखांवर या आठवड्यात आलेली आणि डॉक्टरांनी लिहिलेली प्रतिक्रिया आहे' हे वाक्य घ्या. तीच एक प्रतिक्रिया या आठवड्यातली आणि डॉक्टरांची हवी, हे इथे कळतं. आता माणसं खरोखर जसं बोलतात तसं घ्या: 'ज्या लेखांवर डॉक्टरांच्या प्रतिक्रिया आहेत आणि या आठवड्यातही प्रतिक्रिया आल्या आहेत.' डॉक्टरांची प्रतिक्रिया दोन वर्षांपूर्वीची आणि या आठवड्यातली कुणा विद्यार्थ्याची असली तरी तो लेख चालेल का? बोलणाऱ्याला विचारा, तो क्षणभर थांबेल. जँगोमध्ये या दोन अर्थांसाठी दोन वेगळ्या रचना आहेत: दोन्ही अटी एका फिल्टरमध्ये दिल्या तर एकाच प्रतिक्रियेला दोन्ही लागू होतात, एकापुढे एक दोन फिल्टर लावले तर वेगवेगळ्या प्रतिक्रियाही चालतात. नवख्यांना हा फरक खुळचट वाटतो. मला तो या सगळ्या कामातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो, कारण तिथे लिहिणाऱ्याला आपल्याला काय म्हणायचंय ते ठरवावंच लागतं.

वेगाबद्दल मी मुद्दाम कमी लिहितेय. ओआरएमवर टीका करणारे बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करतात: पन्नास लेखांची यादी मागितली, प्रत्येक लेखाच्या लेखकाचं नाव छापायला पुन्हा एकेक प्रश्न गेला, एकूण एक्कावन्न. खरं आहे, आणि त्याला उपायही जुने आहेत. संथ पान दिसतं, लोक ओरडतात, कुणीतरी दुरुस्त करतं. चुकीचा आकडा ओरडत नाही.

आमच्याकडे तक्रार येते तीही बहुधा वेगाच्या नावाखाली. 'मोजायला सांगितलं तर अमुक येतं, यादी काढून हाताने मोजली तर तमुक', अशी तक्रार क्वचित, आणि ती आली की मी बाकीचं बाजूला ठेवते. आधी लहानात लहान उदाहरण मागवायचं: दोन तक्ते, पाच ओळी, त्यातही चूक दिसते का? मग ते पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट आणि ओरॅकल अशा चारही डेटाबेसवर चालवून बघायचं. हे चौघे एका भाषेचे म्हणवतात, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. ओरॅकल कोऱ्या मजकुराला नल समजतं. क्रम लावताना रिकामे रकाने मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट सर्वांत लहान धरतात, पोस्टग्रेस सर्वांत मोठे. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण 'सर्वाधिक वाचलेले दहा लेख' काढायचे असतील आणि काही नव्या लेखांच्या वाचनसंख्येचा रकाना अजून भरलेलाच नसेल, तर पोस्टग्रेस मोठ्याकडून लहानाकडे लावताना ते रिकामे लेखच यादीत सर्वांत वर आणून ठेवतं. आपल्या संगणकावर एसक्यूलाइट घेऊन काम करणाऱ्याला हे दिसत नाही. दिसतं ते पान लोकांसमोर गेल्यावर.

मजकूर शोधण्याचंही तेच. आपल्या वाचकांना हे लगेच पटेल. 'दऱ्या' या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, एक अखंड अक्षर म्हणून साठवता येतो किंवा र आणि त्याखाली नुक्ता असा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच. तुलना चिन्हांची होते तिथे मात्र ते दोन वेगळे शब्द, आणि एका पद्धतीने टाइप केलेला शोध दुसऱ्या पद्धतीने साठवलेला लेख सापडवत नाही. पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, दोन्ही एका रूपात आणण्याची सोय आतच आहे. ती वापरायची हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. 'या विषयावर गेल्या वर्षात एवढे लेख आले' असा आकडा कुणी छापतं तेव्हा शोध नेमका कोणत्या शब्दावर घेतला हे मला म्हणूनच पाहावंसं वाटतं.

बरं, चूक सापडली आणि दुरुस्त केली, की लोक खूश होतात असं समजू नका. चुकीच्या आकड्यावरही कुणाचे तरी अहवाल उभे असतात. आवृत्ती बदलली आणि संख्या घटली, की पत्र येतं: 'तुम्ही आमचा अहवाल बिघडवला.' म्हणून वागणूक बदलायची असेल तर आधीच्या आवृत्तीत इशारा द्यायचा, लोकांना वेळ द्यायचा, मगच बदलायचं. हा संयम मला पटतो, पण दर वेळी गिळताना त्रास होतो.

या बाबतीत मला सर्वांत आवडलेला निर्णय दुसऱ्यांचा आहे. एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये पूर्वी प्रश्नाचा जो भाग एसक्यूएलमध्ये उतरवता येत नसे, तो लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, एक इशारा टाकून प्रोग्रॅमच्या स्मृतीत सोडवला जायचा. म्हणजे प्रसंगी अख्खा तक्ता ओढून आणायचा आणि मग गाळायचा. चाचणीच्या पाच ओळींवर सगळं छान; खऱ्या डेटावर सर्व्हर आडवा. २०१९ च्या ३.० आवृत्तीपासून त्यांनी हे बंद केलं. शेवटच्या निवडीचा टप्पा सोडला, तर जे उतरवता येत नाही त्यावर हत्यार सरळ एरर देतं: हे मला जमत नाही, तू ठरव. बरीच आदळआपट झाली असणार. पण मला विचाराल तर हत्याराने असंच असावं. न कळलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा नकार देणं कितीतरी बरं.

आणि नव्या यंत्रांबद्दल माझी खरी शंका इथेच आहे. मी ती वापरते. लांबलचक, कंटाळवाणं एसक्यूएल लिहायला ती उत्तम आहेत, आणि दुसऱ्याने लिहिलेली गुंतागुंत उलगडून सांगायलाही. पण ती नाही म्हणत नाहीत, निदान पुरेशी नाही म्हणत नाहीत. चाललेलं एसक्यूएल म्हणजे बरोबर एसक्यूएल, असं धरून चालणाऱ्याला ती हमखास खूश करतात. त्यांची परीक्षा घेणारे प्रश्नसंच आहेत. येल विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये काढलेला स्पायडर हा त्यांतला गाजलेला. यंत्राने लिहिलेला प्रश्न आणि माणसाने लिहिलेला प्रश्न नमुन्याच्या डेटावर चालवून उत्तरं जुळतात का पाहायचं, ही अशा परीक्षांची एक रूढ पद्धत. पण नमुन्यात प्रत्येक लेखाला एकच प्रतिक्रिया आणि एकच छायाचित्र असेल, तर वर दाखवलेला बारा-बारावाला प्रश्नही पैकीच्या पैकी गुण घेऊन जाईल.

तेव्हा संपादक महाशय, माझी मागणी एवढीच, की डेटाबेसमधून काढलेला आकडा छापताना त्याखाली प्रश्नही छापा. बातमीदाराला एसक्यूएल यायला हवं असं मुळीच नाही. आकडा ज्याने काढून दिला त्याला विचारायचं: एक ओळ म्हणजे काय धरली, माणूस की अर्ज की भेट? तीच नोंद दोनदा येऊ शकते का? रिकामे रकाने धरले की गाळले? आणि कालावधीची शेवटची तारीख आत आहे की बाहेर? हा शेवटचा प्रश्न फाजील वाटेल. '१ ते ३१ जानेवारी' असं जसंच्या तसं लिहिलं आणि रकान्यात तारखेबरोबर वेळही असेल, तर ३१ तारीख म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्रीची सुरुवात, आणि त्या दिवशीच्या जवळजवळ सगळ्या नोंदी बाहेर राहतात. महिन्यामागून महिने असे शेवटच्या दिवसाविना मोजले जाऊ शकतात.

छापील पानावर जागेची मारामारी असते हे मी समजू शकते. तिथे दोन ओळी पुरेत, आणि पूर्ण प्रश्न, यंत्राने लिहिलेला असो वा माणसाने, वेब आवृत्तीत तक्त्याखाली ठेवता येईल. दोन ओळी कशा असाव्यात याचा एक मासला देते, हवा तसा बदलून घ्या: 'मोजणी लेखांची, प्रतिक्रियांची नव्हे. एक लेख दोन विभागांत असल्यास दोन्हीकडे धरला आहे, त्यामुळे विभागवार बेरीज एकूण संख्येपेक्षा जास्त येते. विभाग न नोंदलेले लेख एकूण संख्येत आहेत, विभागवार आकड्यांत नाहीत. कालावधी १ जानेवारी ते ३१ जानेवारी, शेवटचा दिवस धरून.'

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित वाचक
(व्यवसाय: प्रोग्रॅमर)